धाकट्या बहिणीला इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत पाठवायचंय: अंबडचा ठेकेदार की तामिळनाडूचं हॉस्टेल?

दिंडोरीचा_दादा

मंडळी, नमस्कार. सल्ला हवा आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा दिंडोरी तालुक्यातला. नाशिकला पेठ रोडला खोली घेऊन राहतो, छोटा हत्ती चालवतो. मार्केट यार्ड, सातपूर, अंबड, कधी गोंदे, असा रोजचा फेरा. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटबाहेर माल उतरवायच्या नंबराची वाट बघत किती तास काढले असतील, पण गेटच्या आत माणसांचं काय चालतं ते मला खरंच ठाऊक नाही.

धाकटी बहीण सातपूर आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झाली. दोन वर्षं गावाहून पहाटेच्या एसटीनं ये-जा केली. आई अजून दुसऱ्याच्या द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, जाते. कैची धरून धरून तिचा उजवा अंगठा आता सरळ होत नाही. त्यामुळे घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, पोरगी सावलीतल्या, एसीतल्या कामाला लागली म्हणजे झालं.

आता दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक अंबडला, पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची बोर्डं बनवणारी कंपनी. पण भरती ठेकेदारामार्फत. साडेतेरा हजार हातात, ओटी (ओव्हरटाइम) मिळेल असं तोंडी सांगितलंय. दुसरं तामिळनाडूत, मोबाइलच्या मोठ्या कंपनीसाठी. इथला एजंट मुली गोळा करून नेतो. अठरा हजार सांगतो, राहणं-खाणं फुकट, कंपनीची बस. पण दहावीची आणि आयटीआयची ओरिजिनल मार्कशीट त्याच्याकडे जमा करायची आणि निदान एक वर्ष घरी यायचं नाव काढायचं नाही. त्यानं तिला पहिला प्रश्न विचारला तो 'लग्न ठरलंय का?' हा. ती म्हणाली नाही, तर म्हणे बरं झालं.

मी गाडीत बसून मोबाइलवर थोडं वाचलं आणि झोप उडाली. चीनमध्ये, मुख्यतः शेन्झेनला, अॅपलसारख्यांचे फोन बनवून देणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यांत २०१० या एका वर्षात चौदा तरुण कामगारांनी जीव दिला आणि कंपनीनं हॉस्टेलच्या इमारतींना जाळ्या लावल्या. ज्या फोनवर हे वाचत होतो तो कुणाच्या हातून आलाय हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

कुठली कंपनी चांगली आणि कुठली वाईट, हे मी विचारत नाहीये. या कामात माणसाला कसं वागवतात, आणि ते आत जायच्या आधी बाहेरून कसं ओळखायचं, एवढं सांगा. कुणी स्वतः लाईनवर काम केलं असेल तर फार उपकार होतील.

---

टचअप_ताई

दादा, मी अंबडला नऊ वर्षं पीसीबीच्या लाईनवर काढली. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोन मैत्रिणी अजून तिथं कामाला आहेत.

माझं काम टचअपचं. वेव्ह सोल्डरिंगच्या, म्हणजे वितळलेल्या धातूनं (सोल्डरनं) बोर्डावर भाग जोडणाऱ्या, मशीनमधून बोर्ड बाहेर आलं की भिंगाखाली धरायचं, कुठं सोल्डर कमी पडलंय, कुठं शेजारचे दोन पाय एकमेकांना चिकटून शॉर्ट झालेत ते शोधायचं आणि गननं दुरुस्त करायचं. एका बोर्डाला चाळीस सेकंद. ताशी नव्वद बोर्डं. मनगटाला पट्टा आणि त्याची वायर टेबलाला जोडलेली, आपल्या अंगातला स्टॅटिक करंट बोर्डावरच्या आयसीत, म्हणजे चिपमध्ये, जाऊ नये म्हणून. एसी असतो, घरचे म्हणतात ते खरं आहे. पण तो सोल्डर पेस्ट खराब होऊ नये म्हणून असतो. एकदा पॉवर गेली तर जनरेटरवर आधी पेस्टचा फ्रीज आणि मशीन चालू झालं, आमच्या डोक्यावरचा पंखा शेवटी.

काम मला आवडायचं, हे आधी सांगते. हात बसला की बोर्डाकडे नुसतं बघून कळतं दोष कुठे आहे. तुमच्या बहिणीनं ट्रेड शिकलाय, तिला तर अजून आवडेल. त्रास कामाचा नसतो.

आता दोन गोष्टी सांगते.

पहिली बाटलीची. बोर्ड दुरुस्त झालं की त्यावरचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते रसायन, पुसायला प्रत्येकीच्या टेबलावर दाबायची छोटी बाटली असते. तिच्यात आयपीए, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिटच. त्याचा वास आम्हाला पाठ होता, इंजेक्शनच्या आधी नर्स कापूस लावते तसा. एका सोमवारी बाटली दाबली आणि वास वेगळाच. रंगाच्या दुकानात येतो तसा. पुसलेलं झटकन वाळायचं, हात पांढरे पडायचे, दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. बाटलीवर लेबल नाही. लाईन लीडरला विचारलं तर म्हणाला, 'तुला पुसण्याशी मतलब ना?' ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, 'ते कंपनीचं बघायचं काम, मी फक्त हजेरी बघतो.' कंपनीच्या साहेबाला विचारायची सोय नव्हती, कारण त्याच्या लेखी मी त्याची कामगारच नव्हते. तीन आठवडे आम्ही अठरा जणी तेच वापरत होतो. माझ्या शेजारची मुलगी, हरसूलकडची, घरी गेल्यावर तिच्या हातातून ताट निसटायला लागलं. बोटांना कळतच नाही म्हणायची. मग गिऱ्हाईकाकडून बोर्डांचा एक लॉट परत आला, पुसलेल्या जागी पांढरे डाग दिसत होते. दुसऱ्या दिवशी जुनं आयपीए परत आलं.

बोर्डावर डाग पडले तेव्हा बाटली बदलली. आमच्या हातांचं तीन आठवडे सांगत होतो.

दुसरी गोष्ट ठेकेदाराची. नऊ वर्षं मी एकाच टेबलावर, एकाच स्टुलावर बसले. त्या काळात ठेकेदार चार झाले. दर सात महिन्यांनी ब्रेक. म्हणजे पंधरा-वीस दिवस घरी बसायचं, मग नव्या कागदावर सह्या करून पुन्हा त्याच स्टुलावर. वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरीचा हक्क मागता येतो, तो लागू नये म्हणून ही सगळी खटपट. ठेकेदार बदलला की पीएफचं नवं खातं. सोडून आले तेव्हा नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी शून्य, कारण कागदावर पाच वर्षं सलग कुठंच नाहीत. मुलगी झाली तेव्हा तर ब्रेकमध्येच होते. ज्या ठेकेदाराकडे सात महिने भरले होते तो म्हणाला, आता तुम्ही आमच्याकडे नाही. पुढचा म्हणाला, अजून आमच्याकडे आला नाहीत. ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, बाळंतपणाचे पैसे मिळायला त्याआधीच्या काळातले भरणा झालेले दिवस मोजतात, ते माझे कमी पडले.

म्हणून मी कुणालाही पहिलं हेच विचारायला सांगते, पगाराच्या स्लिपवर नाव कुणाचं असेल? कंपनीचं असेल तर बाकीचं भांडता येतं. ठेकेदाराचं असेल तर त्याचं लायसन्स आहे का, तो तिथं किती वर्षं आहे, आणि आधीच्या ठेकेदाराच्या बायकांचा पीएफ नीट भरला गेला का, हे शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून विचारा. तुम्ही तर गेटवर असताच. चहाच्या टपरीवर बायका खरं बोलतात, फक्त सुपरवायझर जवळ नको.

अजून एक. बहिणीला सांगा, गनचा धूर थेट नाकात घेऊ नको. फ्लक्समध्ये राळ असते, तिच्या धुरानं दमा लागतो. टेबलावर धूर ओढणारा पाइप असायला हवा. आमच्यात अठरापैकी सहा टेबलांना होता, बाकीच्या फुंकर मारून बाजूला सारायच्या. आणि साध्या सोल्डरमध्ये ३७ टक्के शिसं असतं. साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मला हे एका जुन्या मावशींनी सांगितलं, ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

---

प्रोसेस_इंजिनिअर_नाशिक

ताई, तुमची बाटलीची गोष्ट वाचून गप्प बसवेना. मी या धंद्यात अठरा वर्षं आहे, आधी क्वालिटीला, आता प्रोसेसला.

नेमकं असंच चीनमध्ये सुझोऊला घडलं होतं. विंटेक नावाच्या कंपनीत अॅपलसाठी टचस्क्रीन बनायचे. २००९ च्या सुमारास तिथं काच पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन आणलं, कारण ते लवकर वाळतं आणि तासाला जास्त नग निघतात. एन-हेक्झेन नसांवर परिणाम करतं. हातापायांना मुंग्या, मग बधिरपणा, काहींना चालता येईना. १३७ कामगार बाधित झाल्याचं अॅपलनं २०११ मध्ये स्वतःच्या पुरवठादार अहवालात मान्य केलं. तुमच्या बाटलीत काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण 'लवकर वाळतं' आणि 'बोटांना कळत नाही' हे दोन्ही एकत्र ऐकलं की या धंद्यातल्या माणसानं त्याच क्षणी लाईन थांबवायला हवी.

प्रत्येक रसायनासोबत एमएसडीएस येतो, त्याचा माहितीकागद. त्यात काय आहे, अंगावर पडलं तर काय करायचं, हातमोजे कुठले, सगळं लिहिलेलं असतं. तो स्टोअरच्या फायलीत पडून असतो, इंग्रजीत. तो मराठीत करून टेबलाजवळ लावायला एक दुपार लागते. मी आमच्याकडे तो लावून घेतला, पण खरं सांगतो, नोकरीच्या अकराव्या वर्षी. त्याआधी दहा वर्षं मलाही सुचलं नाही आणि याचं मला वाईट वाटतं.

दक्षिण कोरियात एका टॅक्सीचालकाची मुलगी सॅमसंगच्या गिहुंगच्या चिप कारखान्यात कामाला होती. बारावी झाल्या झाल्या लागलेली. २००७ मध्ये विशीतच ल्युकेमियानं गेली. तिच्याबरोबर त्याच जागी काम करणारीही त्याच आजारानं गेली होती. बाप विचारत राहिला, माझी पोर कशात हात घालत होती ते सांगा. अकरा वर्षं तो भांडला, त्याच्यामागे इतर आजारी कामगारांची घरं उभी राहिली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीनं जाहीर माफी मागून भरपाई कबूल केली. चिपचे कारखाने आपल्याकडेही उभे राहताहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

दादा, 'मोठी कंपनी आहे, परदेशी गिऱ्हाईक ऑडिट करतं' असं एजंट सांगेल. ऑडिट होतात, आणि त्यांचे नियम कागदावर चांगले आहेत. मोठ्या ब्रँडांची आरबीए म्हणून जी संघटना आहे तिच्या आचारसंहितेत आठवड्याला ओटी धरून जास्तीत जास्त साठ तास आणि सात दिवसांत एक सुट्टी असं आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक ऑडिटची तारीख पंधरा दिवस आधी माहीत असायची. त्या आठवड्यात लेबलं लागतात, नवे हातमोजे निघतात, आणि कुणाला बोलायला पाठवायचं ते ठरलेलं असतं. तेच गिऱ्हाईक दरवर्षी 'कॉस्ट डाऊन' मागतं, म्हणजे गेल्या वर्षीच्या भावात यंदा दोन-तीन टक्के कमी. तांबं स्वस्त होत नाही, आयसी स्वस्त होत नाही. मग मालक वाचवतो कुठे? माणसांत. ठेकेदार हा त्यासाठीच असतो. अंबडमध्ये मनापासून नीट वागवणारे छोटे मालकही मी पाहिलेत. त्यांच्याकडे बायका पंधरा-पंधरा वर्षं टिकतात, ही त्यांची खूण.

---

सुरगाण्याची_लेक

मी गेले होते. तामिळनाडूत, एजंटमार्फतच, आमच्या पाड्यावरून सहा जणी. कंपनीचं आणि एजंटचं नाव लिहीत नाही.

दादा, सगळं वाईट नव्हतं. पगार बँकेत वेळेवर यायचा. चौदा महिन्यांत मी घरी पत्रे टाकले आणि भावाची फी भरली. लाईनवर स्वच्छता असायची, टोपी, कोट, मोजे सगळं मिळायचं. मी कॅमेऱ्याचा बारीक स्क्रू बसवायचे, मिलिमीटरभराचा. दिवसभर उभं राहून. पहिले दोन महिने रात्री डोळे मिटले की स्क्रूच दिसायचे.

अवघड गेलं ते हॉस्टेल. हॉस्टेल कंपनीचं नव्हतं, तिसऱ्याच कुणाचं. एका खोलीत आम्ही बारा जणी. शिफ्टला निघताना फोन जमा. बाहेर जायला रविवारी तीन तास, तेही रजिस्टरवर सही करून. एकदा मला रात्री ताप भरला. वॉर्डनला तमिळशिवाय काही येत नव्हतं, मला मराठी आणि मोडकं हिंदी. मी कपाळावर हात ठेवून दाखवत होते, ती मला झोपायची खूण करत होती. सकाळी शेजारच्या झारखंडच्या मुलीनं बसच्या ड्रायव्हरला सांगून दवाखान्यात नेलं. कंपनीत कळवलं तर म्हणे हॉस्टेलचा विषय आमच्याकडे येत नाही.

तुम्ही वाचत असाल तर चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचं डिसेंबर २०२१ चं वाचा. फॉक्सकॉनमध्ये काम करणाऱ्या मुलींच्या एका हॉस्टेलमध्ये जेवणातून विषबाधा झाली, दीडशेच्या वर मुली दवाखान्यात गेल्या. त्या कुठे आहेत, कशा आहेत, हे बाकीच्यांना कुणी सांगेना. काही जणी गेल्या अशी अफवा उठली आणि मुली रात्रभर चेन्नई-बंगळूर हायवेवर बसून राहिल्या. कुणी मेलं नव्हतं. पण मैत्रीण कुठे आहे हे कळायला हायवे अडवावा लागला. कारखाना बंद ठेवावा लागला, अॅपलनं स्वतः कबूल केलं की काही हॉस्टेल आणि जेवणाच्या जागा त्यांच्या नियमात बसत नव्हत्या, आणि फॉक्सकॉनला देखरेखीखाली ठेवलं. मी हे खूप नंतर वाचलं. तापातली ती रात्र आठवली.

लग्नाचं विचारलं म्हणालात, तेही नवीन नाही. जून २०२४ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली होती की त्याच भागात आयफोनच्या जोडणीला लग्न झालेल्या बायकांना घेत नव्हते. त्यावर केंद्राच्या कामगार खात्यानं राज्याकडे अहवाल मागितला, मानवाधिकार आयोगानंही दखल घेतली. लग्न झालं की काढतील असं तुमच्या बहिणीला वाटत राहिलं तर ती तिथं तोंड उघडणार नाही, आणि एजंटला तेच हवं असतं.

मार्कशीट ओरिजिनल कुणालाही देऊ नका. माझी परत मिळवायला मला पाच महिने लागले. झेरॉक्स द्या, फार तर ओरिजिनल दाखवा आणि हातातच ठेवा. या एका गोष्टीवर अडत असेल तर जाऊ देऊ नका.

---

निवृत्त_फिटर_सातपूर

दादा, मी सातपूरला इलेक्ट्रिकल कंपनीत एकतीस वर्षं काढली, परमनंट होतो, युनियनमध्ये होतो. तुम्ही योग्य वेळी विचारताय.

ताईंनी सांगितलं तेच कर्नाटकात कोलारजवळ नरसापुराला झालं. विस्ट्रॉनचा आयफोनचा कारखाना, १२ डिसेंबर २०२०. बहुतेक कामगार वेगवेगळ्या ठेकेदारांचे. बारा तासांची पाळी करूनही खात्यात कबूल केलेल्यापेक्षा कमी पैसे. विचारायला गेलं की ठेकेदार कंपनीकडे आणि कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवणार. सकाळी रात्रपाळी सुटली आणि पोरांनी कारखाना फोडला. तोडफोड मला पटत नाही, तेव्हाही पटली नाही. पण नंतर कंपनीनं स्वतःच मान्य केलं की काहींना पूर्ण आणि वेळेवर पगार दिला नव्हता, माफी मागितली, भारताचा कारभार बघणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याला काढलं. अॅपलनं सुधारणा होईपर्यंत नवं काम थांबवलं. आता तो कारखाना टाटांकडे आहे. गाऱ्हाणं ऐकणारं एक टेबल आधी मांडलं असतं तर?

उलट बाजू बघा. श्रीपेरुंबुदूरलाच सॅमसंगचा फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीनचा कारखाना. सप्टेंबर २०२४ मध्ये हजाराच्या वर कामगार संपावर बसले, सिटू या कामगार संघटनेच्या आधारानं. मुख्य मागणी काय, तर आमची संघटना माना. सदतीस दिवस बसले, काच फुटली नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये संघटनेची नोंदणी झाली. ते परमनंट होते म्हणून सदतीस दिवस बसू शकले. ठेकेदारीतल्या पोरीला तिसऱ्या दिवशी ब्रेक मिळेल.

कायद्याचं थोडक्यात. ओटी दुप्पट दरानं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे आणि नव्या संहितेतही तसंच आहे. नव्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. त्यात प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र द्यायलाच हवं, ठेकेदारामार्फत असला तरी. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर घेतलं तर एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. रात्रपाळीला बाईची संमती लागते. ईएसआय एकवीस हजारांपर्यंत पगाराला लागू, तुमच्या बहिणीच्या पगारातून पाऊण टक्का कापतील, सव्वातीन टक्के मालकानं भरायचे. कापलेले पैसे भरले जातात का, ते दर महिन्याला उमंग अॅपवर पीएफचं पासबुक उघडून बघायचं. स्लिपवर कापलेले आणि पासबुकात न आलेले, असं मी शेकड्यांनी पाहिलंय. आणि काही झालं तर एकटीनं ठेकेदाराशी भांडायला जाऊ नका. खुटवडनगरला सिटूचं ऑफिस आहे, इतरही युनियन आहेत, निदान कागद दाखवून विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

---

दिंडोरीचा_दादा

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, द्राक्षाचा माल चालू होता. ताई, तुमचं लिहिलेलं मी बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाटलीच्या गोष्टीला आई चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, बागेत फवारणीच्या वेळी आम्हीही कधी विचारलं नाही डब्यात काय आहे.

एजंटला फोन केला. मार्कशीट देणार नाही म्हटलं तर म्हणाला, मग सीट दुसरीला जाईल. म्हटलं जाऊ दे. बहीण थोडी रडली, तिला विमानात, निदान लांबच्या रेल्वेत बसायचं होतं. सुरगाण्याच्या ताई, तुमचं वाचल्यावर ती मला म्हणाली की पुढे कधी जाईन, पण स्वतःच्या नावावर जाईन, कुणी गोळा करून नेईल तशी नाही.

अंबडच्या कंपनीच्या गेटवर दोन दिवस दुपारी साडेतीनच्या सुटीला गाडी लावून थांबलो. टपरीवर चार बायकांशी बोललो. ठेकेदार सहा वर्षांपासून तोच आहे. पगार सात तारखेच्या आत होतो. पीएफ पासबुकात दिसतो, एकीनं मोबाइल काढून दाखवलाच. ब्रेक मात्र आहे, सात महिन्यांनी. धूर ओढायचे पाइप सगळ्या टेबलांना आहेत, पण दोन बंद. ओटी दुप्पट नाही, 'सिंगल' मिळतो असं तिघींनी सांगितलं, चौथी काही बोलली नाही.

काल बहिणीला घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. नेमणूकपत्र मागितलं. आधी म्हणाला, तीन महिन्यांनी. मी २१ नोव्हेंबरचं बोललो तर जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, सोमवारी देतो. ओटीचं विचारलं तर म्हणाला, ते कंपनीला विचारा. तेव्हा ताई, तुम्हीच आठवलात.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, मी जाते, सात महिने हात बसवून घेते, तोवर दुसरीकडे कंपनीच्या नावावर मिळतंय का बघू. आणि त्या दोन बंद पाइपवाल्या टेबलांवर मी बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगणार. मी म्हटलं पहिल्याच दिवशी? ती म्हणाली, नंतर सांगितलं तर म्हणतील इतके दिवस कशी बसलीस.

---

टचअप_ताई

बरोबर बोलली. तिला सांगा, एकटीनं नको, त्या दोन टेबलांवर आता ज्या बसतात त्यांना आधी विचार, त्यांना बरोबर घे. नेमणूकपत्राचा आधी फोटो काढा, मग सही. हजेरीचे दिवस आणि ओटीचे तास घरच्या कॅलेंडरवर रोज लिहायला लावा, कंपनीतल्या मशीनवर विसंबून राहू नका.

आणि दादा, ती हरसूलची मुलगी. तिच्या बोटांना आता बरं आहे, पण डाव्या हाताची करंगळी अजून बधिर आहे. मी तिला हा धागा दाखवला. तिनं एवढंच विचारलं, तुमच्या बहिणीच्या टेबलावर बाटलीला लेबल आहे का. सोमवारी बघून नक्की कळवा.